तिकडची प्रत

सोरोका
८ ऑक्टोबर २००६

प्रिय झिना,

इकडे सगळं क्षेम आहे. तुझी पाठ कशी आहे आणि तू सांभाळतेस ती म्हातारी सिन्योरा अजून चिडचिड करते का, ते कळव. ग्रिशाची इटलीची गाडी दुपारी निघणार, म्हणून घाईघाईत लिहितोय. पिशवीत काय काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे ग्रिशाने वाटेत हात मारला तर तुला कळेल. सोललेले अक्रोड, मेंढीच्या दुधाचं चीज (ते आनिसिया काकूंनी दिलंय, खारट झालंय, पण त्यांना तसं बोलू नकोस), आंबट चेरीचा मुरंबा, आणि टॉवेलात गुंडाळलेली लग्नाची डीव्हीडी. मुरंबा सांडला तरी चालेल, डीव्हीडी जप.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू रडायला लागतेस, मग मी काहीतरी विनोद करतो, मग कार्ड संपतं. पत्रात माणसाला शेवटपर्यंत बोलू देतात.

आपल्या लिलियाचं लग्न छान झालं. पावसाची धास्ती होती, पण तो आला नाही. मांडव अंगणात होता, नाच मात्र रस्त्यावर गेला. बस अडली, तर ड्रायव्हर उतरून दोन फेर नाचला आणि एक पेला पिऊन गेला. प्रवाशांनीही तक्रार केली नाही, कारण पेले त्यांच्यापर्यंतही पोचले होते. विहीणबाईंनी आपल्या कोबीच्या पानांतल्या सारमाल्यांना नावं ठेवली आणि तीनदा वाढून घेतलं. व्हिऑरेल बरा मुलगा आहे गं, नुसता धांदरट. सारखा लिलियाच्या झग्यावर पाय देत होता. शेवटी धर्ममाय खेकसली, "अरे, लग्न तिच्याशी लावलंय, झग्याशी नाही. पाय काढ!" ते सगळं रेकॉर्ड झालंय.

लिलिया तुझ्यासारखी चालते, टाच आधी टेकवून. कॅमेऱ्यातून बघेपर्यंत मला हे कधी दिसलं नव्हतं.

स्वतःच्या पोरीच्या लग्नात बाप कॅमेऱ्यामागे, हे शोभतं का, असं सगळ्यांनी विचारलं. पण दुसरा आहे कोण? मित्या. तो प्रत्येक नवरीभोवती लाल बदाम उडवतो आणि केक कापताना मागे ज्वालामुखी फुटताना दाखवतो. माझ्या लेकीमागे ज्वालामुखी नको, म्हणून मीच उभा राहिलो. आणि खरं सांगायचं तर मला तेवढंच येतं. मुलांच्या पायोनियर घरातल्या मास्तरांनी माझ्या गळ्यात तो स्मेना कॅमेरा अडकवला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. काकूंच्या हंसांपासून सामुदायिक शेतीच्या ट्रॅक्टरपर्यंत काही सोडलं नाही. त्यानंतर दुसरं काही शिकावं असं मला वाटलंच नाही, हे तू लग्नाआधीच ओळखलं होतंस. तरी केलंस.

माफीच्या वेळी, पोरं आईबापांची माफी मागतात तेव्हा, तुझी खुर्ची माझ्या शेजारीच मांडली होती. तिच्यावर तुझा तळघराच्या पायऱ्यांवरचा फोटो ठेवला. तोच, वडिलांच्या वाइनच्या पिंपांच्या मधल्या जागेत मी फिल्म धुवायचो आणि तू लाल कंदील धरून उभी राहायचीस, तेव्हाचा. त्यात तू एकोणीसची आहेस. पोरं गुडघ्यावर बसली, लग्नं चालवणाऱ्या फेओदोरने कवनं म्हटली, बायका रडल्या. जसं व्हायचं तसं झालं.

तुझ्यासाठी लिलिया खास बोलली आहे. डीव्हीडीच्या मध्यावर, केकच्या आधी, बघ.

धंदा चालू आहे. मागच्या आठवड्यात पुलापलीकडच्या फ्लोरिकाच्या लग्नाची तिकडची प्रत केली. तिचा बाप पिऊन टेबलाखाली गेला होता. तो कापला आणि त्या जागी विहीर, द्राक्षाचा मांडव आणि आजीच्या थडग्यावरची ताजी फुलं घातली. फ्लोरिकाची आई बोलोन्याहून फोनवर म्हणाली, नवरा सुधारलाय वाटतं. एका लग्नाच्या दोन प्रती, एक घरची आणि एक तिकडची. ही तुझीच युक्ती, तिच्यावरच मी जगतोय. तुझी मात्र घरचीच आहे हं. तुला कशाला फसवू?

ग्रिशा हॉर्न वाजवतोय.

तुझा
इलारी


सोरोका
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय झिना,

इकडे सगळं क्षेम. पहिलं धुकं पडलंय, नदीपलीकडचं युक्रेन चार दिवस दिसलं नाही, त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. वाइन पिंपात भरली. लिलिया आणि व्हिऑरेल रविवारी येऊन गेले, चीज भरलेल्या प्लाचिंता खाल्ल्या, लिलियाने तुला नमस्कार सांगितलाय.

फोनवर तू विचारलंस आणि मी म्हटलं, आवाज नीट येत नाही. आवाज चांगला येत होता.

तू विचारलंस, माफीचा भाग कुठे आहे. फेओदोर कवन सुरू करतो आणि पुढच्या क्षणी सगळे रस्त्यावर नाचतायत, असं कसं? झिना, बॅटरी संपली होती. मला तेव्हा बापाच्या खुर्चीत बसायचं होतं, म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून ठेवला होता. मागे कोणी नसलं की असं होतं. इतरांच्या लग्नात मी दोन बॅटऱ्या खिशात ठेवतो, आपल्या लग्नात कोटच नवीन होता.

आणि तू विचारलंस, लिलिया "आई, तुझी खूप आठवण येते, आम्ही सुखात आहोत" असं म्हणते तेव्हा तिच्या कानात निळ्या मण्यांची कानातली का आहेत. लग्नभर तर मोत्यांची होती.

दीड हजार किलोमीटरवरून, सिन्योराच्या छोट्या टीव्हीवर, तुला तिच्या कानातलं दिसलं. मित्याला समोरच्या नवरीचं तोंडसुद्धा नीट दिसत नाही. तुला मी मदतनीस म्हणून ठेवायला हवं होतं, पादोव्याला पाठवायला नको होतं.

बरं. ते जोडलेलं आहे. तिची शाळा संपली त्या वर्षी ईस्टरला तुझ्यासाठी रेकॉर्ड केलं होतं त्यातलं, पांढऱ्या पडद्यापुढचं. पडदा कोणत्याही दिवसाचा असतो, म्हणून चाललं. लग्नाच्या दिवशी तिला बोलायला वेळच झाला नाही. नवरीला किती कामं असतात, तुला माहीत आहे. तिने बोलायला नकार दिला असं काही नाही.

म्हणजे तुला तिकडची प्रत मिळाली. हो. पण मी बदाम उडवले नाहीत, एवढं तरी माझ्या बाजूने धर.

आता माफीचंही सांगतोच, नाहीतर तू ग्रिशाला विचारशील आणि तो मसाला लावून सांगेल. बॅटरी संपली नव्हती. झालं असं की आनिसिया काकूंनी घोळ घातला. त्यांना आता धड दिसत नाही, हे तुला माहीत आहे. मागच्या महिन्यात हंस समजून माझ्या बुटांना दाणे घालत होत्या. खुर्चीवर फोटो, फोटोपुढे टेबलावर गोल पाव, हे बघितलं आणि म्हातारीला वाटलं, कोणीतरी गेलंय. तिने पावात बारीक पिवळी मेणबत्ती खोचली आणि लावून दिली. तुझ्या फोटोपुढे. जिवंत बाईच्या.

कोणाला हसावं कळेना, कोणाला रडावं कळेना. विहीणबाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली. मग कवन पुढे सरकलं. मला वाटलं, हे तू कशाला बघायचं? म्हणून कापलं, बाकी काही नाही. काकूंवर रागावू नकोस, त्यांना आपण काय केलं हे आठवतसुद्धा नाही.

काल एका लग्नात चार खुर्च्यांवर फोटो होते. नवऱ्याचे आईबाप, नवरीची आई आणि मावशी, सगळी तिकडे. मानाच्या टेबलाशी माणसांपेक्षा फ्रेमा जास्त. फेओदोर माझ्या कानात म्हणाला, "इलारी, पुढच्या वर्षी नवरा-नवरीपण फोटोतलेच असतील, मग तुला एकट्यालाच नाचावं लागेल." मी हसलो. त्यातले तीन फोटो मी काढलेले होते, पासपोर्टसाठी. सगळ्या गावाचे पासपोर्टचे फोटो मी काढले. तुझाही. हनुवटी जरा वर घे, असं मीच म्हटलं होतं.

थंडी वाढलीय, पाठीला जप.

तुझा इलारी


सोरोका
११ फेब्रुवारी २००७

प्रिय झिना,

तू काकूंना फोन करायला नको होतास.

आधी इकडचं सांगतो. नदी गोठलीय, पाइपही गोठलेत. पाणी विहिरीवरून आणतो. लिलिया बरी आहे.

आता काकूंचं. गुरुवारी म्हातारी बर्फातून काठी टेकत, घसरत घसरत माझ्या दारात आली. मला वाटलं चूल विझली असेल. दार उघडलं तर काठीच उगारली.

"झिना मला फोन करून म्हणते, काकू, मी रागावले नाही, तुमचे डोळे अधू झालेत, देव बघतोय. कशाला रागावणार होती ती माझ्यावर? मी विचारलं, तेव्हा सांगितलं तिने. इलारी, मेल्या, मी? मी जिवंत बाईपुढे मेणबत्ती लावीन? आठ प्रेतं न्हाऊ घातलीत मी या हातांनी, माझ्या नवऱ्यासकट. कुणाला कधी लावायची ते मला डोळे फुटले तरी कळतं!"

"काकू, बसा आधी."

"बसत नाही. खोटं माझ्या नावावर का घातलंस ते सांग. गावात दुसरी आंधळी मिळाली नाही?"

तिला चहा दिला, साखर घातली, तरी घुश्शातच प्यायली. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "तिला खरं सांग. नाहीतर मी फोन करते, आणि मला फोनवर हळू बोलता येत नाही." म्हणून हे पत्र.

मेणबत्ती लिलियाने लावली.

पोरं टेबलापुढे गुडघ्यावर बसली. या बाजूला मी नव्या कोटात, त्या बाजूला तुझी खुर्ची. फेओदोर नवरीच्या तोंडचं कवन म्हणत होता, आईच्या दुधाबद्दल माफी, आईच्या जागरणाबद्दल माफी, ते सगळं. लिलिया मध्येच उठली. मला वाटलं, झगा गुडघ्याखाली आला असेल. तिने बाहीतून मेणबत्ती काढली. चुलीवरच्या काडेपेटीने पेटवली, तुझ्यापुढच्या पावात खोचली, परत गुडघे टेकले आणि फेओदोरला म्हणाली, "हं, आता म्हणा." त्याने आधी माझ्याकडे बघितलं. ती पुन्हा म्हणाली, "म्हणा की. आईच्या ओळी राहिल्यात." आणि तो बिचारा म्हणाला. अख्खं कवन म्हणाला.

मला वाटत होतं, तिला त्या क्षणी सुचलं असेल. नंतर रेकॉर्डिंग बघितलं. आदल्या सगळ्या शॉट्समध्ये, केस विंचरताना, शेजारणींना मिठ्या मारताना, ती डाव्या बाहीला हात लावून बघते. सकाळपासून.

आणि मी? मी फ्रेममध्ये आहे झिना. आयुष्यभर फ्रेमच्या बाहेर होतो, आणि त्या दिवशी मधोमध बसलोय. हात गुडघ्यांवर, मान ताठ, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखा. माझ्या कोपराजवळ ती मेणबत्ती जळतेय आणि मी समोर कॅमेऱ्याकडे बघतोय. फुंकर घातली नाही. तशी मेणबत्ती विझवत नाहीत हे खरं आहे, पण मी त्यासाठी थांबलो नव्हतो. मला फक्त वाटत होतं, हलू नये, शॉट बिघडेल.

नंतर स्वयंपाकघरात तिला गाठलं. वऱ्हाड परतायला गाड्यांत बसत होतं. मी म्हटलं, "हे काय केलंस? ती तिथे म्हाताऱ्या परक्या बाईचे कुल्ले धुते, तुझ्या शाळेसाठी, या झग्यासाठी. आणि तू तिला मारून मोकळी झालीस?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हातमोजे चढवत होती. म्हणाली, "बाबा, मेलेल्या आईचं काय करायचं ते मला माहीत आहे. काकूंनी शिकवलंय. पाव, मेणबत्ती, शनिवारची आठवण. जिवंत आहे पण नाही, तिचं काय करायचं, ते मला कोणी शिकवलं नाही. अकरा वर्षं मी वाट बघितली, कोणीतरी सांगेल म्हणून. तुम्ही नुसतं म्हणायचात, पुन्हा बोल, हसून बोल, आईला पाठवायचंय."

मग धर्ममाय हाक मारत आली आणि ती गेली, टाच आधी टेकवत.

तू प्रत्येक फोनला विचारतेस, लिलिया माझ्याबद्दल विचारते का. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. नाही विचारत, झिना. तिच्या नावाचा नमस्कार मी घालतो, दरवेळी.

तू तीनदा मागितलीस म्हणून घरची प्रत या पिशवीत ठेवलीय. एकटी असताना बघ, सिन्योरा झोपली की. किंवा बघू नकोस. मी असतो तर बघितली नसती, पण मला ती जोडायला लागली.

तू निघताना आपण ठरवलं होतं, तुझ्या पहिल्या पगारातून व्हिडिओ कॅमेरा, आणि दोन वर्षं. दोन वर्षांत इलारीचा स्टुडिओ उभा राहील आणि झिना परत येईल. पाटी तूच रंगवून गेली होतीस. स्टुडिओ उभा राहिला. तुझ्यासारख्या बायका परत येत नाहीत, म्हणूनच तो उभा राहिला. त्या आल्या तर तिकडची प्रत मागणार कोण? हे मला फार आधी कळलं होतं, आणि तरी मी रोज सकाळी लेन्स पुसत राहिलो.

इलारी


सोरोका
१४ सप्टेंबर २००८

झिना,

तुझं पत्र मिळालं. घरची प्रत पाठवल्यावर तू कित्येक महिने फक्त पिशव्यांबद्दल बोलायचीस, आणि मग त्या ईस्टरच्या कार्डावर ती एकच ओळ होती. मेणबत्ती किती वेळ जळली? त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. आज देतो. केक येईपर्यंत. मी बाहेर जाऊन केक शूट केला आणि परत आलो तेव्हा ती पावात बुडाली होती. काकूंनी तो पाव कोणाला दिला नाही, स्वतः घरी नेला.

आता तू लिहितेस की सिन्योराच्या मुलाने सही केली, तिथे राहायचे कागद आले, नाताळला तू घरी येऊ शकतेस, आणि परतही जाऊ शकतेस. किती वर्षं या वाक्याची वाट बघितली. पत्र आलं तेव्हा मी घरामागच्या बाकावर बसून ते दोनदा वाचलं, आणि मला आनंद झाला नाही. तुला हे लिहिताना लाज वाटते, पण तुला आणखी एक तिकडची प्रत पाठवायची नाही.

लिलिया नाही इथे. गेल्या रविवारी ती आणि व्हिऑरेल पोर्तुगालला गेले. त्याला बांधकामावर काम मिळालंय, तिला हॉटेलात खोल्या आवरायचं. मी म्हटलं, जायचंच आहे तर आईकडे जा, ती काम बघेल, तिथे खोली आहे. ती म्हणाली, "कुठेही, पण तिथे नाही." त्यांच्या सांदाला नेता येत नाही. सांदा माझ्याकडे आहे. आठ महिन्यांची झाली, बसवलं तर डुलते आणि मग उशीवर कलंडते. आत्ता माझ्या पायाशी कॅमेऱ्याचा पट्टा चावतेय.

तुझ्या येण्याबद्दल लिलियाला विचारलं होतं, जायच्या आधी. तिने हातातल्या लंगोटांच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "येऊ दे. घर तिचंही आहे. सांदाला खेळवू दे. पण माझ्या पोरीला तिने स्वतःला आई म्हणायला शिकवायचं नाही." मी म्हटलं, "आजी तर म्हणेल?" ती म्हणाली, "तिला जे वाटेल ते म्हणेल. मी काही शिकवलेलं नाही." यापेक्षा चांगलं काही मला तिच्या तोंडून काढता आलं नाही. मी प्रयत्न केला, झिना.

पुढचं लिहायचं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती सकाळी माझ्याकडे आली. पांढरा पडदा स्वतःच लावला, खुर्ची ठेवली. म्हणाली, "बाबा, मीच आधी बोलून ठेवते. नंतर तुम्हाला जोडाजोड करायला नको." मी कॅमेरा लावला. ती बोलायला लागली. हे पहिल्या दाताचं. हे पहिल्या पावलाचं. ही गोष्ट, ही झोपताना. प्रत्येक वेळी कानातली बदलायची. तुझं निळ्या मण्यांचं मी तिला सांगितलं होतं. "पोरं कानातली बघतात," म्हणाली. मग म्हणाली, "आणि हे शाळेच्या पहिल्या दिवसाचं."

मी कॅमेरा बंद केला. "शाळेचं? दोन वर्षांसाठी चाललीस ना?"

"आईही दोन वर्षांसाठीच गेली होती, बाबा. चालू करा."

मी चालू केला. ती हसली. छान हसली, एकदाच, पुन्हा घ्यावं लागलं नाही. इतक्या वर्षांत शिकलीय ती.

सगळं झाल्यावर उठली नाही. मी म्हटलं, झालं गं. ती म्हणाली, "आता एक फोटो काढा. व्हिडिओ नाही, फोटो. तुमच्या त्या जुन्या कॅमेऱ्याने, आईचा काढला तसा. खुर्चीवर ठेवता येईल असा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. नाही. तिने हनुवटी जरा वर घेतली, मी सांगायच्या आधीच.

स्मेना कपाटात होता, फिल्मही होती, कधीची कोण जाणे. नाही म्हणायला हवं होतं. बापाने नाही म्हणायचं असतं. पण तिच्यावर खिडकीचा उजेड पडला होता, डाव्या गालावर, आणि माझी बोटं आपोआप फिरली. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून ती अशीच फिरतात. मी काढला.

ती गेल्यावर तळघरात उतरलो. पुडीतलं रसायन जुनं होतं, तरी चाललं. लाल कंदील खिळ्याला टांगला, धरायला कोणी नव्हतं. वर काकू सांदाला बडबडगीत म्हणत होत्या. ट्रेमध्ये आधी डोळे आले, मग ओठ. एक क्षण मला वाटलं, तूच आहेस. सुकायला टाकला तो तुझ्याच फोटोशेजारी.

तर हे असं आहे. तू ये, मी ग्रिशाच्या थांब्यावर उभा राहीन. पण कोणाकडे येतेयस ते माहीत असून ये. एक म्हातारा, एक आंधळी काकू, आणि एक पोर, जिला तू परकी बाई. तिचे लंगोट बदलशील, तिला जागवशील, निजवशील, जसं सिन्योराचं करतेस तसं. आणि ती पांढऱ्या पडद्यापुढच्या आईला टीव्हीवर शोधेल. तिला काय सांगायचं, ते मला अजून कोणी शिकवलेलं नाही.

फोटोची एक प्रत पाकिटात आहे. घरचीच आहे. याची तिकडची प्रत काढता येत नाही, मी प्रयत्न करून बघितला.

तुमच्या दोघींचा फोटोवाला,
इलारी